दुसऱ्या खांबाचा फोटो

"दिवा लावल्याशिवाय शिडी घरी नेत नाही," असं तो येता-जाता म्हणायचा. गल्लीबोळांतल्या दिव्यांचा वायरमन तो. खांद्यावर शिडी, कमरेला पक्कड आणि तोंडी हे वाक्य. बायको म्हणायची, "मग आज शिडीलाच जेवायला वाढते."

नगरपालिकेचं ॲप आलं तेव्हा तो मनातून सुखावला. तक्रार आली की दिवा लावायचा आणि फोटो टाकायचा. तो फोटो थेट तक्रार करणाऱ्याच्या मोबाइलवर, खाली प्रश्न: काम झालं का? हो की नाही. आपलं काम आता लोकांना दिसेल, असं त्याला वाटलं.

मग त्याच्या आत्याच्या दारातला दिवा गेला. आत्याला कमी दिसायचं. अंधारलं की ती पायरी सोडत नसे. सुनेने तक्रार टाकली. त्याने खांब उघडला, तर जमिनीखालची केबल जळालेली. रस्ता खोदायची परवानगी काही येईना. मुदत उलटली आणि ॲपवर तक्रार लाल झाली.

"फोटो टाक आणि मिटव," साहेब म्हणाले. "लाल दिसलं की वरचे माझ्या मानगुटीवर बसतात."

त्याने पलीकडच्या खांबाच्या दिव्याचा फोटो काढला आणि टाकून दिला. धड बघितलाही नाही.

दुसऱ्या संध्याकाळी सुनेने त्याला गल्लीत गाठलं. "भाऊजी, या. तुमच्या फोटोत सासूबाई आल्यात."

तिने त्याला दारात नेऊन मोबाइल पुढे धरला. फोटोत दिवा लखलखत होता. मागे काळोखात, पायरीवर, भिंतीला हात टेकून आत्या बसलेली.

त्याची मान खाली गेली.

"आपल्या दारातला खांब ओळखू येत नाही होय आम्हाला?" सून म्हणाली.

"गप गं," आत्या म्हणाली. "ते ॲप विचारतंय ना, काम झालं का म्हणून? हो म्हणून टाक. आपल्याच पोराची नाचक्की कशाला?"

तिने चार शिव्या घातल्या असत्या तर त्याने मुकाट ऐकल्या असत्या. हे मात्र त्याला सोसवेना. त्याने सुनेच्या हातून मोबाइल घेतला आणि 'नाही' दाबलं. मग जाड बोटाने सावकाश लिहिलं: फोटो दुसऱ्या खांबाचा आहे. केबल जळाली आहे, खोदावं लागेल. खाली स्वतःचं नाव घातलं.

शिडी त्याने विझलेल्या खांबाला टेकवली.

"अरे, उद्या कामाला काय नेशील?" आत्याने विचारलं.

तो मोकळ्या खांद्याने चालू लागला. सून दारातून बघत राहिली. आत्याला त्याची पाठ दिसत नव्हती, तरी तीही तिकडेच बघत होती.