उपासाचा आलू कुठून आला?

श्रावणातल्या पहिल्या सोमवारी मी नसता शहाणपणा केला...

आमच्या फुलचूरच्या कॉलनीतल्या बायकांचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप आहे आणि दर सणाला त्यात क्विझ टाकायचं काम माझ्याकडे. लोक चकित झाले की मला भारी वाटतं, खोटं कशाला बोलू!

त्या दिवशीचा प्रश्न होता, उपासाच्या ताटातलं काय काय मूळचं परदेशी? उत्तर: आलू, शेंगदाणे, हिरवी मिरची, रताळं... आणि आपल्याकडे ज्या कंदापासून साबुदाणा करतात तो कंदसुद्धा. सगळं काही शतकांपूर्वी समुद्रापलीकडून, मध्य आणि दक्षिण अमेरिकेकडून आलेलं. ग्रुपवर नुसता धुमाकूळ झाला.

तेवढ्यावर थांबायला हवं होतं. पण मी मोबाइल घेऊन स्वयंपाकघरात गेले आणि आईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, तेच मोठ्यानं वाचून दाखवलं. त्या खिचडीची ताटली घेऊन नुकत्याच बसल्या होत्या.

आई सालेकसाकडच्या. सारं आयुष्य धानाच्या शेतीत गेलं, सासरे गेल्यावर पाच वर्षांपूर्वी आमच्याकडे राहायला आल्या. सोमवारचा उपास त्यांनी कधी चुकवलेला मी पाहिला नाही.

"मंग आधीच्या बाया काय खात होत्या वो?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, ते काही त्यात लिहिलेलं नाही. त्यांनी ताटली बाजूला सरकवली आणि हात धुतले.

मला वाटलं, रुसल्या असतील, होईल ठीक. पण दुसऱ्या सोमवारी फक्त चहा. भगर करून देते म्हटलं, तर म्हणाल्या, "तिचं तरी कोणाले माहीत!" राजगिऱ्याचं नाव घेणार होते, आधी मोबाइलवर पाहिलं... तोही तिकडचाच निघाला. मोबाइल उलटा ठेवून दिला.

तिसऱ्या सोमवारी त्या तुळशीला पाणी घालता घालता मटकन खाली बसल्या. बीपीची गोळी उपाशीपोटी घेतलेली. मी लिंबूपाणी केलं, हात धरून आत आणलं आणि मग मात्र माझा आवाज चढला. आई, एवढं वय झालं, सोडून द्या ना तो उपास!

"कशी सोडू?" त्या म्हणाल्या. "तुह्या पोट्टीसाठी धरला हाय. काचेच्या पेटीत होती तवा."

माझी ईशा आठव्या महिन्यात झाली. एकवीस दिवस काचेच्या पेटीत होती. आज नववीत आहे, दिवसभर घर डोक्यावर घेते. आई तेव्हा गावी होत्या, त्यांचा सोमवार तेव्हापासूनचा आहे हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. आणि मीही कधी विचारलं नव्हतं... चौदा वर्षं.

"इतक्या वर्साचे सोमवार लागलेच नसतील तर?" असं म्हणून त्या ईशाच्या दप्तराकडे बघत राहिल्या. मला इतकी लाज वाटली की काय सांगू. माझ्यासाठी जी गंमत होती, तिनं या बाईच्या पायाखालची जमीन काढून घेतली होती.

मी पुष्कळ समजावलं. देव असं बघत नाही वगैरे. पण मोबाइल वाचून घाबरवणारी मीच, माझ्या समजावण्याला काय किंमत!

त्याच आठवड्यात कमरछठ आली. आमच्या शेजारच्या काकी छत्तीसगडकडच्या, मुलांच्या आयुष्यासाठी त्या हा उपास करतात. संध्याकाळी वाटीत प्रसाद घेऊन आल्या... लालसर भात, म्हशीचं दही आणि सहा भाज्या एकत्र शिजवलेल्या.

आई वाटीकडे बघतच राहिल्या. उपासाला भात?

"हल चला हुआ कुछ नहीं खाते ना दीदी," काकी म्हणाल्या. "ये तो तालाब में अपने आप उगता है।" नांगर लागलेलं सगळं त्या दिवशी वर्ज्य, म्हणून तळ्याकाठी आपोआप उगवणारं धान चालतं. इतकी वर्षं शेजारी राहते, क्विझवाली मी, पण हे मला माहीत नव्हतं.

काकी गेल्यावर आईंनी वाटीतलं एक शीत उचलून निरखून पाहिलं. मग म्हणाल्या, "तिनं नांगर सोडला, मी भात सोडला. आमच्या घरी तर भात म्हणजेच जेवण. दोन वेळा भात खाणाऱ्या बाईनं भात सोडला, ते देवाले दिसलंच असन. आलू कुठून आला, ते पाहून तो काय करन?"

मला एकदम रडू आलं. त्यांना समजावायला मी जे जे शोधत होते, ते त्यांचं त्यांनीच शोधून काढलं होतं.

चौथ्या सोमवारी सकाळीच फर्मान आलं, खिचडी कर, शेंगदाणे जास्त घाल. मी केली. दोन ताटल्या वाढल्या आणि एक घेऊन त्यांच्या शेजारी बसले. भाताचा कुकर त्या दिवशी फक्त ईशा आणि तिच्या बाबांपुरता लावला होता.

त्यांनी माझ्या ताटलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "तू काऊन?"

"ईशासाठीच," मी म्हटलं. "अर्धे सोमवार आता माझे."

"अर्धे कायले?" आई म्हणाल्या आणि त्यांच्या ताटलीतले शेंगदाणे माझ्या ताटलीत सरकवले. "पुरेच धर. मी काय जन्माले पुरणार हाय?"

ग्रुपवर सगळे विचारताहेत, या सणाला क्विझ का नाही... नाही टाकलं. सध्या घरातल्याच माणसांना प्रश्न विचारते आहे.