साळवेकाकांची प्रार्थना

चेन्नईत आमचा मराठी ख्रिस्ती मंडळींचा एक छोटासा घोळका आहे. रविवारी सकाळी तमिळ चर्च, आणि दुपारी चार वाजता अड्यारला माझ्या घरी मराठी प्रार्थना. मग चहा. स्वयंपाकघरात रिकाम्या बरण्या साठतात ना, तसे आमच्याकडे किस्से साठलेत. कुणी मुद्दाम जमवत नाही, पण टाकवतही नाहीत! गंमत म्हणजे बहुतेक सगळे अडचणीच्या दिवसांतले. सुखाच्या रविवारचं कुणाला काही आठवतच नाही.

*

साळवेकाका गिंडीच्या एका कारखान्यात फोरमन होते. रिटायर झाले आणि प्रार्थनेला फुलटाइम लागले! आजारी माणसं, परीक्षेची मुलं, सरकार, बिल्डिंगची लिफ्ट, काही म्हणून सुटायचं नाही.

एकदा वरच्या मजल्यावरच्या मामी कढीपत्ता मागायला आल्या. दारातून पाहिलं तर आम्ही सगळे डोळे मिटून बसलेलो. बिचाऱ्या परत गेल्या. भाजी चिरून, साबुदाणा भिजवून पुन्हा आल्या, तरी काकांचं चालूच!

"इन्नुमा?" मामी कुजबुजल्या. म्हणजे, अजून?

मार्थाकाकूंनी, म्हणजे काकांच्या बायकोने, एक डोळा उघडला. "आत्ता कुठे लिफ्टपर्यंत आलेत!"

*

सॅम शोळिंगनल्लूरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत होता. चौतिशीचा, दोन मुलींचा बाप. एका शुक्रवारी कंपनीने त्याला काढलं. रविवारी आला तो चेहरा पाडूनच.

"प्रभूने माझी नोकरी घेतली," म्हणाला.

मार्थाकाकू चहा गाळता गाळता म्हणाल्या, "प्रभू कशाला घेईल? तुझ्या मॅनेजरने घेतली. उगाच प्रभूवर ढकलू नकोस!"

शुक्रवारनंतर सॅम पहिल्यांदा हसला.

*

मग साळवेकाकांना स्ट्रोक आला. हातपाय सावरले, पण वाचा गेली. शब्द ओठांपर्यंत यायचे आणि मागे फिरायचे. स्पीच थेरपीवाली मुलगी चित्रांची कार्डं दाखवायची. गाय, छत्री, घड्याळ. काका नुसते बघत राहायचे.

एके दिवशी तिने वड्याचं कार्ड दाखवलं. काका म्हणाले, "वडा!"

काकूंनी मला लगेच फोन केला. रडत होत्या आणि चिडल्याही होत्या. "चाळीस वर्षं संसार केला गं, आणि पहिला शब्द वडा! मी काय समोर नव्हते?"

*

पण काका प्रार्थनेला येईनात. बोलावलं की भिंतीकडे तोंड करून झोपायचे. ज्या माणसाने जन्मभर सगळ्यांसाठी मागितलं, त्यालाच मागता येईना, हे त्यांना सोसत नव्हतं. मला भीती वाटायची, हा माणूस आता असाच मिटून जाणार.

"हे माझ्याशी बोलले नाहीत तर चालतं, सवय आहे," काकू म्हणाल्या. "पण देवाशी अबोला? असं कधी झालं नव्हतं."

त्या दिवसांत काकांना रिक्षाने थेरपीला न्यायचं काम सॅमने घेतलं. इंटरव्ह्यू देऊन देऊन तोही थकला होता. दोघं गप्प बसून जायचे, गप्प बसून यायचे. मी विचारलं, "कंटाळा नाही येत?"

"छे! आमचा दोघांचाही नोटीस पिरियड चालू आहे," सॅम म्हणाला.

*

शेवटी एका रविवारी काका आले. सॅमनेच आणलं.

आमच्याकडे प्रार्थना उजवीकडून फिरते. एकाचं आमेन झालं की पुढच्याने सुरू करायचं. काकांची फजिती नको म्हणून मी एक शक्कल काढली. काकांच्या शेजारी, पुढच्या पाळीला सॅमला बसवलं आणि बजावलं, "त्यांची पाळी आली की तू लगेच सुरू हो. थांबू नकोस."

पाळी आली. सॅमने घाईघाईत सुरुवात केली, "हे दयाळू पित्या..."

काकांनी फाडकन त्याच्या मांडीवर चापट मारली! सॅम गप्प. मी शरमेने मान खाली घातली.

"प्रभू," काका म्हणाले.

मग बराच वेळ काहीच नाही. पंखा फिरत होता. खाली भाजीवाला ओरडून गेला. कुणी डोळे उघडले नाहीत.

"सॅम," काका म्हणाले.

पुन्हा तेवढाच वेळ. काकूंनी माझा हात इतका घट्ट धरला होता की बांगडी रुतली.

"नो... नो... नोकरी. आमेन."

आता सॅमची पाळी. त्याने तोंड उघडलं, आणि त्याच्या घशातून आवाजच निघेना. एकदा खाकरला, दोनदा खाकरला. खांदे हलायला लागले.

काकांनी डोळे मिटूनच त्याचा गुडघा थोपटला आणि एकदाही न अडखळता म्हणाले, "सावकाश, बाळा. आम्ही बसलोय."