जावेच्या छातीचा फोटो

पाच वर्षांपूर्वी मी नुसती साठीची होते, म्हणजे अक्कल यायला बराच अवकाश होता. दोन महिने खोकला, संध्याकाळी कणकण, पोलकं अंगात ढिलं पडलेलं. आमच्या पिंगळी गावच्या डॉक्टरीणबाईंनी तपासायला थुंकीची डबी दिली, ती मी ‘हरवली’. मग परभणीहून छातीचा फोटो आणायला सांगितलं. मला धास्ती एकच. टीबी निघाला, तर सून चार वर्षांच्या नातवाला माझ्या गोधडीतून उचलून नेईल.

धाकट्या जावेला मी भरीला घातलं. “माझ्या नावानं तू उभी राहा. फोटोत काय तोंड येतंय?”

“अन् पकडलं म्हंजे, बाई?”

“बरगड्यांवर नाव गोंदलंय व्हय तुझ्या?”

ती बिचारी माझ्या नावानं श्वास रोखून उभी राहिली. फोटो एकदम साफ! डॉक्टरीणबाईंनी खोकल्याचं औषध दिलं आणि स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन मी जावेला भजी खाऊ घातली.

दोन महिन्यांनी नातू खोकायला लागला. जेवण सुटलं, खेळणं सुटलं. परभणीच्या लेकरांच्या डॉक्टरांनी त्याचा फोटो उजेडाच्या पाटीवर लावून बोट ठेवलं. “श्वासनळीशेजारी गाठी सुजल्यात, टीबीच्या वाटतात. एवढ्या लेकराला थुंकता येत नाही, ते गिळून टाकतं; पोटातलं पाणी काढून तपासू. पण हे बहुतेक मोठ्यांकडून लागतं. घरात कोण खोकतंय?”

“आत्याबाई खोकायल्यात,” सून माझ्याकडं बोट करून म्हणाली, “पण त्यांचा फोटो साफ निघालाय.”

डॉक्टर शेजारपाजारचं विचारायला लागले. पोरगं माझ्या मांडीवर धापा टाकत होतं.

“तो माझा न्हाई,” मी म्हणाले. “जावेचा हाय.”

कुणी हसलं नाही. त्याच दिवशी माझा खरा फोटो निघाला. छातीत वरच्या अंगाला कापसाचं बोंड फुटल्यासारखं पांढरं. थुंकीतही टीबी निघाला.

बाहेर आल्यावर सून म्हणाली, “मला सांगायचं होतं, आत्याबाई. लेकरू थोडे दिवस माझ्याजवळ निजलं असतं. तुमाला का घरातून काढणार होते?”

मी नातवाला तिच्या कडेवर दिलं.

पुढं सहा महिने ती रोज आम्हा दोघांना समोर बसवून गोळ्या द्यायची. नातवानं गिळली की “शाब्बास”. मला मात्र, “तोंड उघडा. जीभ उचला.”

शेवटच्या फोटोत त्याच्या गाठी विरल्या होत्या. सून तिथंच बाकावर बसून रडली. मी भीतभीत तिच्या पाठीवर हात ठेवायला गेले, तर तिनं तो घट्ट धरला. सोडला तो बसस्टँडवरच.