माझं खत आणि आईंचा राब

एप्रिलमधला एक शनिवार. रोह्यात आमच्या घरामागून धूर निघाला... तोही माझ्याच बागेतून!

आधी सांगते, धुराच्या बाबतीत मी गल्लीत बदनाम आहे. पाला जाळणाऱ्याशी मी भांडतेच. समोरचे काका तर मला बघितलं की काडेपेटी खिशात घालतात.

मी स्वतः दिवाळीपासून मागच्या कोपऱ्यात खत करत होते. खाली शेण, त्यावर पाला, पुन्हा शेण, पुन्हा पाला, वरून माती. बाहेरून खताची गोणी आणायची नाही, बागेतलं बागेतच जिरवायचं... एवढाच माझा हट्ट.

सासूबाई यंदाच गागोद्याहून आमच्याकडे राहायला आल्यात. सगळा जन्म भातशेतीत गेला. इथे त्यांना काही काम नाही, आणि काही करायला गेल्या तर मी करू देत नाही.

तर त्या शनिवारी कंपनीतून आले, बघते तर ढिगाच्या जागी काळा चौकोन. शेजारी आई उभ्या. डोक्याला पदर गुंडाळलेला, गालावर काजळी आणि चेहरा असा खुललेला की काय सांगू!

"राब भाजला गो तुझा! वारा पडला तशी पेटवला."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी... आमच्याकडे भाताची रोपं करायची त्या जागेवर आधी शेण, पाला, वर माती असे थर लावून भाजतात. तो राब. म्हणजे हुबेहूब माझा ढीग!

मी चिडले. "अहो आई, ते खत होतं!" एवढंच बोलले, पण आवाज चढलाच. सहा महिन्यांची मेहनत... वर समोरचे काका कुंपणाशी उभे राहून हसतायत.

आईंचा चेहरा पडला. हळूच म्हणाल्या, "तू जातेस कामावर... म्हटलं, तुला भाजायला टाईम कुठं हाय."

मला रडूच आलं. इतके दिवस त्या माझा ढीग बघत होत्या, आणि मला मदत कधी करता येईल याची वाट बघत होत्या.

मग दोघी पायरीवर बसलो. मी खताचं सगळं समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "म्हणजे जालायचा नाय, कुजवायचा." झालं! माझं अर्ध्या तासाचं भाषण एका वाक्यात.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई घरात नाहीत. शोधत गेले तर समोरच्या अंगणात, काकांच्या पाल्याच्या ढिगासमोर उभ्या. काकांची काडेपेटी यांच्या हातात.

"पेटवायचा नाय. माझ्या सुनेला लागतो."

आता मागे नवा ढीग कमरेएवढा झालाय, पाच घरांचा पाला येतो. त्या काळ्या चौकोनात आईंनी मिरची पेरली. रोपं अशी जोमात आलीत की मी निमूटपणे कबूल केलं. बागेला माझ्यापेक्षा चांगलं माणूस मिळालंय, आणि मलाही.

काडेपेटी मात्र तेव्हापासून आईंच्या कनवटीला असते. परवा देवाजवळ दिवा लावायला मागितली, तर माझ्याकडे रोखून बघत म्हणाल्या, "कशाला हवी गो?"