जागृतीची मतं

सामना संपला की सगळं जग जिंकणाऱ्यांकडे बघतं. जागृती हरलेल्यांकडे बघायची. ती अकरावीला होती तेव्हा पालघरहून कबड्डीची स्पर्धा आटोपून परत येताना आमचा सगळा संघ सरावलीच्या नाक्यावर चहाला थांबला होता. टपरीतल्या टीव्हीवर क्रिकेटचा अंतिम सामना अगदी शेवटाला आला होता. कारखान्यांमधून पाळी संपवून आलेले कामगार दाटीवाटीने उभे होते. शेवटचा चेंडू सीमापार गेला आणि टपरीत एकच कल्ला झाला. ही सडपातळ, सावळी मुलगी मात्र टाचा उंचावून पडद्याच्या कोपऱ्यात काहीतरी शोधत होती. एक कामगार हसून म्हणाला, "दीदी, जीते वो इधर हैं, आप उधर क्या देख रही हो?"

"तो बॉलर," ती म्हणाली. "ज्याच्या बॉलवर मॅच गेली ना, तो. त्याच्याजवळ कोन जातंय ते बगते."

जिंकलेल्यांपैकी एक जण नाच सोडून त्या गोलंदाजाजवळ गेला, त्याच्या खांद्यावर हात ठेवून दोन शब्द बोलला. जागृतीने समाधानाने चहाचा घोट घेतला. "झालं. आजपासून माझा आवडता खेळाडू बदलला."

मी बोईसरच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवते. जागृती दोन वर्षं माझ्या वर्गात होती. राहायची दांडीला, समुद्राच्या काठावर. वडील मासेमारीच्या बोटीवर, आई बोंबील वाळवून बोईसरच्या बाजारात विकायची. वर्गात ती फार बोलत नसे, पण सिनेमा किंवा खेळ हा विषय निघाला की तिला आवरणं कठीण. तिची मतं पक्की असत आणि ती सांगताना समोर शिक्षक आहे की मैत्रीण, याचा ती विचार करत नसे.

एकदा मी 'माझा आवडता चित्रपट' असा निबंध दिला. बाकी मुलांनी त्या वर्षीचे गाजलेले मारधाडीचे सिनेमे लिहिले. जागृतीने एका निवृत्त होणाऱ्या बसचालकावरच्या, मी कधी नावही न ऐकलेल्या लहानशा सिनेमावर लिहिलं होतं. कारण एकाच वाक्यात होतं : 'बाकीचे सिनेमे हिरोला नोकरी लागली की संपतात, हा नोकरी संपल्यावर सुरू होतो.' मी ते वाक्य वर्गात वाचून दाखवलं. मुलांनी टाळ्या वाजवल्या, तर ती उठून म्हणाली, "बाई, पन गानी बेकार हायेत त्यात. तेपन लिवलंय खाली. तेपन वाचा."

खेळावरचे सिनेमे तिला अजिबात पटत नसत. "शेवटच्या मिनटाला सगळे जिंकतात. शेवटच्या मिनटाला खरं तर दम संपलेला असतो बाई, श्वास लागलेला असतो. तवा कोन कोनाच्या आईची आठवण काढत बसनार?" समुद्रावरच्या सिनेमांविषयी तर ती आणखी कडक. कुठल्याशा सिनेमात वारा एका बाजूचा आणि शीड भलत्याच बाजूला फुगलेलं तिने पाहिलं होतं. त्या दिग्दर्शकाला तिने कधीच माफ केलं नाही.

हे सिनेमे ती स्वतःपुरते बघत नसे, हे मला दांडीला गेल्यावर समजलं. गावच्या जत्रेला तिच्या आईने मला जेवायला बोलावलं होतं. वडील आदल्याच दिवशी पाच-सहा दिवसांनी समुद्रावरून परतले होते आणि ओट्यावर जाळं दुरुस्त करत बसले होते. शेजारी बसून जागृती त्यांना एक अख्खा सिनेमा सांगत होती. पावलांचे आवाज, दाराची कडी, नायिकेचं रागावणं, सगळं साग्रसंगीत. वडिलांचे हात चालत होते आणि मधूनच ते "मग?" म्हणत होते.

"मी थेटरात गेलोच नाय बाई," ते मला म्हणाले. "हिनं सांगितले तेवढेच पिच्चर माझे."

"पन शेवट मी बदलते," जागृतीने हळूच मला सांगितलं. "खरा सांगितला तर बाबा म्हनतो, असं कुटं असतं काय!"

कबड्डीत ती चढाईची खेळाडू होती. आमचे खेळाचे सर म्हणत, "बाकीच्या मुली रेषा ओलांडून धावतात. ही आधी उभी राहून समोरच्या सातही जणींचे चेहरे वाचते आणि त्यातली घाबरलेली कोण ते बघून तिलाच शिवते." त्या वर्षी तिच्या जोरावर आमचं महाविद्यालय पहिल्यांदाच जिल्ह्याच्या अंतिम फेरीपर्यंत गेलं.

बारावीत मी वर्गात एक वादविवाद घेतला. विषय होता, खेळात पैसा आल्याने खेळाचं भलं झालं की वाटोळं. माझं मत ठरलेलं होतं आणि मी ते लपवलंही नाही. माझ्या लहानपणी माणसं मातीत खेळायची, हरली तरी हसत घरी जायची. आता खेळाडूंची बोली लागते, ही मला विक्रीच वाटायची. मुलांनी माझा कल ओळखून माझ्याच बाजूने भाषणं केली. शेवटी जागृती उठली.

"माझा बाबा दर्यावर जातो तो पैशासाठीच जातो. म्हनून त्याची दर्यावर माया नाय, असं कोन म्हनतं काय? बाई, तुमीपन पगार घेऊन शिकवता. मग तुमचं शिकवनं खोटं झालं काय? खेळनाऱ्यानेच फुकट का खेळायचं?"

खरं सांगायचं तर मला ते थोडं लागलं. तिला गुण देताना शेऱ्यात मी 'विचार भावनिक' असं लिहिलं. आज आठवलं की जाणवतं, त्या दिवशी वर्गात भावनिक कुणी झालं असेल तर ती मीच.

त्यानंतर दोनेक महिन्यांनी ती एक पत्र घेऊन शिक्षकांच्या खोलीत आली. मुलींचा एक व्यावसायिक कबड्डी संघ उभा राहत होता आणि निवड चाचणीसाठी तिला मुंबईला बोलावणं आलं होतं. खेळाच्या सरांनी तिचं नाव पाठवलं होतं. अडचण एकच. त्याच दिवशी पूर्वपरीक्षेचा पेपर होता आणि पेपर चुकवायला वर्गशिक्षिका म्हणून पत्रावर माझी सही हवी होती.

मी पत्र वाचलं. पेपर तिला नंतर देता आला असता, ते माझ्याच हातात होतं. पण मी म्हटलं, "जागृती, बारावीचं वर्ष आहे. खेळ कुठे पळून जात नाही. पुढच्या वर्षी जा."

ती क्षणभर माझ्याकडे बघत राहिली. वाद घालेल असं मला वाटलं होतं. मनातल्या मनात मी उत्तरंही तयार ठेवली होती. पण ती फक्त "बरं बाई" म्हणाली, पत्राची घडी केली आणि गेली.

पुढचं वर्ष तिला मिळालंच नाही. बारावी सुटल्यावर पावसाळ्यात सराव करताना तिचा उजवा गुडघा मुरगळला आणि आतला स्नायुबंध तुटला. शस्त्रक्रिया झाली, चालणं पूर्वीसारखं झालं, पण डॉक्टरांनी कबड्डी बंद सांगितली. मला हे खेळाच्या सरांकडून कळलं. त्यांनी मला दोष दिला नाही, पण सांगून झाल्यावर समोरचे कागद चाळत बसले. मी दांडीला भेटायला जायला हवं होतं. आज जाऊ, उद्या जाऊ करत गेले नाही. तिच्या आईसमोर कुठल्या तोंडाने उभी राहणार होते?

मधे पाच वर्षं गेली. जागृतीने शारीरिक शिक्षणाची पदवी घेतली आणि डोंगराकडच्या एका आश्रमशाळेत ती खेळाची शिक्षिका झाली, एवढं उडत उडत कानावर आलं. गेल्या हिवाळ्यात सुट्टीला ती घरी आली आणि तिने मलाच फोन केला, "बाई, या ना. आई आठवण काढते."

गेले. बांबू आणि दोऱ्यांच्या वलांडीवर टांगलेले बोंबील वाळत होते आणि त्यांच्या रांगांमधून आम्ही दोघी किनाऱ्याकडे चालत होतो. तिच्या चालण्यात किंचितसा जडपणा होता. मला राहवलं नाही. मी थांबले आणि म्हटलं, "जागृती, त्या पत्रावर मी सही करायला हवी होती. माझं चुकलं. इतकी वर्षं बोलायचं धाडस झालं नाही."

ती एकदम कावरीबावरी झाली. "बाई, असं नका बोलू. मला लाज वाटते."

"तुला कसली लाज?"

"मी घाबरले होते." ती वाळूकडे बघत म्हणाली. "मुंबईला जायला, तिथल्या मोठमोठ्या पोरींसमोर उभं राहायला. रात रात झोप नव्हती. तुमी नाय म्हनालात ना, तवा मला सुटल्यासारखं झालं. वाद घालायला येत नव्हता काय मला? पन घातला नाय. आनि मग सगळ्यांना सांगत सुटले, बाईंनी सोडलं नाय म्हनून. बाबालापन तेच सांगितलं. खोटं सांगितलं."

दुसऱ्या कुणी हे ऐकलं असतं तर त्याला वाटलं असतं, चला, डोक्यावरचं ओझं उतरलं. माझं उतरलं नाही. सतरा वर्षांची मुलगी माझ्यासमोर उभी होती आणि मला तिच्या चेहऱ्यावरची भीती दिसली नव्हती. वाद घालणारी मुलगी वाद न घालता गेली, एवढं तरी खटकायला हवं होतं. तिला त्या दिवशी माझा नकार नको होता आणि नुसती परवानगीही पुरली नसती. कुणीतरी पाठीवर हात ठेवायला हवा होता.

ती दुसऱ्या दिवशीच्या एसटीने तिच्या शाळेवर परत गेली. तिथल्या मुली तिला ताई म्हणतात आणि तिच्याशी भांडतात म्हणे, असं तिने मोठ्या कौतुकाने सांगितलं.

हल्ली एखादं मूल असं पत्र घेऊन आलं की मी त्याला समोर बसवते आणि आधी विचारते, "खरं सांग, भीती वाटतेय का?" बहुतेक जण मान खाली घालून हो म्हणतात. ती कसली आहे ते मी शेवटपर्यंत ऐकून घेते. मग सही करते.