काचेपलीकडे ऐकू जायच्या त्या आजी

"वन वर्ड, टू मच वर्क!" असं ओरडून चिनी आजी टेबलावर मूठ आपटायच्या. शेजारच्या खोलीत वाचत बसलेली माणसं काचेतून आमच्याकडे बघायची.

मी तेव्हा नवऱ्याच्या व्हिसावर अमेरिकेत शॉमबर्गला होते. इंजिनिअर असून नोकरीची परवानगी नाही, म्हणून चिडचिड करत लायब्ररीत फुकट इंग्रजी शिकवायचे. वर्गात बहुतेक चिनी आजी-आजोबा. त्या दिवशी 'गेट' शब्द निघाला. गेट अप म्हणजे उठणं, गेट ऑन म्हणजे बसमध्ये चढणं, गेट वेल म्हणजे बरं होणं, गेट अँग्री म्हणजे रागावणं. बाकीचे निमूट लिहून घेत होते. आजी भडकल्या.

"टीचर, दिस वर्ड नो शेम?"

खरंच की, कोणाच्याही गळ्यात पडणारा शब्द! मला हसू आवरेना.

पुढच्या आठवड्यात मात्र त्या सगळं पाठ करून आल्या. गेट रेडी, गेट युवर शूज, गेट इन द कार. पाच वर्षांच्या नातवाला सकाळी शाळेसाठी त्याच तयार करायच्या. ही मारामारी त्याच्याशी बोलता यावं म्हणून होती.

मग एके दिवशी गप्पच बसल्या. खोदून विचारल्यावर कळलं. नातवाच्या शाळेतल्या बाईंनी सांगितलं होतं, घरात फक्त इंग्रजी बोला. चिनी बंद झालं. आजींचा मुलगा म्हणाला, मा, तुझं इंग्रजी चुकीचं आहे, पोरगा तेच उचलेल. तेही बंद.

"होम, नो टॉक," आजी म्हणाल्या.

माझं डोकंच फिरलं. "मी बोलते तुमच्या मुलाशी!"

"नो, टीचर. सन गेट अँग्री."

शब्द अगदी बरोबर जागी वापरला होता. शाबासकी द्यायला माझी जीभ रेटेना.

आणि चिन्यांना नावं ठेवू नका. आपल्या इथल्या गणपतीच्या पॉटलकला, घरोघरचे पदार्थ आणून केलेल्या जेवणाला, सोफ्याच्या कडेला गप्प बसलेल्या आज्या तुम्हीही पाहिल्या आहेत. त्यांची वाचासुद्धा पोरांच्या भल्यासाठीच बंद केलेली असते. संताप येतो मला या भल्याचा.

आजी वर्गाला येत राहिल्या, घरचं सगळं साठलेलं इथे येऊन ओरडत राहिल्या. त्यांच्या व्हिसाची मुदत संपली तशा चीनला परत गेल्या.

त्यांच्याकडे राहिलेलं पुस्तक द्यायला मुलगा आला. सभ्य माणूस. म्हणाला, "थँक यू हं. मॉम फारच क्वाएट आहे, तिला बोलायची आवडच नाही. तुम्हाला त्रास झाला असेल."

मी टेबलावर मूठ आपटली.

काचेपलीकडच्या माणसांनी चटकन माना वर केल्या. त्यांना वाटलं असणार, आजी आल्या.