वरच्या मजल्यावरच्या काकांचा राजीनामा

आपला देश अजून हवा तितका पुढे का गेला नाही, ही गोष्ट घरचं लग्न मोडल्यासारखी मनाला लावून घेणारा माणूस सबंध भारतात एकच आहे, आणि तो आमच्या डोक्यावर राहतो. म्हणजे कर्वेनगरातल्या आमच्या सोसायटीत, बरोब्बर आमच्या वरच्या फ्लॅटमध्ये. लहानथोर सगळे त्यांना काका म्हणतात. जन्मभर त्यांनी कसबा पेठेतल्या एका शाळेत नागरिकशास्त्र शिकवलं. हा विषय इतिहासाच्या पुस्तकाच्या शेपटाला बांधलेला असतो आणि परीक्षेच्या आदल्या दिवशी मुलं तो घाईघाईने उरकतात. काकांनी मात्र तो खराच मानला. सगळा घोटाळा तिथून सुरू झाला.

रस्ता कितीही रिकामा असो, लाल दिवा दिसला की काका स्कूटर थांबवतात. डोक्यावर हेल्मेट, त्याचा पट्टा हनुवटीखाली नीट लावलेला. पुण्यात विक्षिप्त ठरायला एवढंही पुरतं. एकदा सकाळी मी त्यांच्या मागे बसून वारज्याला निघालो होतो. मागचा मोटारवाला हॉर्न वाजवून वाजवून दमला आणि शेवटी काच खाली करून म्हणाला, "आजोबा, समोर कोणी नाहीये." काका वळूनही न बघता म्हणाले, "मी आहे ना." आमच्या मजल्यावरचे एक गृहस्थ मुलाकडे परदेशात राहून आले आणि तिकडच्या स्वच्छतेचं वर्णन करू लागले. काकांनी सगळं ऐकलं, चहा घेतला आणि चपला घालताना म्हणाले, "अहो, तिकडे आपणही केळ्याची सालं खिशात ठेवत होतात. इकडे आल्यावर खिसा फाटला का?" ते गृहस्थ पुढचे काही महिने लिफ्टमध्ये काकांकडे पाठ करून उभे राहत. काकांना त्याचं वाईट वाटे, पण वाक्य मागे घ्यावं असं काही वाटत नसे.

त्यांचा सिद्धांत साधा होता. देश पैशाच्या टंचाईने अडत नाही, "कोणीतरी बघेल" या दोन शब्दांनी अडतो. आपल्याकडे शिकलेला माणूससुद्धा काम शोधण्याआधी पुढारी शोधतो, असं ते म्हणत. गंमत अशी, की आमच्या सोसायटीपुरतं ते "कोणीतरी" म्हणजे स्वतः काकाच होते. पाण्याचा टँकर, लिफ्टची दुरुस्ती, गच्चीवरचं डांबर, पार्किंगमधली भांडणं, सगळं काकाच बघत. वार्षिक सभेत त्यांना पुन्हा अध्यक्ष करण्याचा ठराव समोसे गार व्हायच्या आत मंजूर होई. विरोध कोण करणार? विरोध करणाऱ्याला काम करावं लागलं असतं.

गेल्या वर्षीच्या सभेत मात्र दुसऱ्या मजल्यावर नव्याने फ्लॅट घेऊन राहायला आलेली एक मुलगी उभी राहिली. वर्ध्याकडची, नोकरीसाठी नवऱ्याबरोबर पुण्यात आलेली. तिने अगदी साधेपणाने विचारलं, "काका, तुम्ही आजारी पडले तर कोण पाहीन हे सगळं?" सगळे हसले. काका हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी ते आमच्याकडे आले आणि खुर्ची ओढून माझ्यासमोर बसले.

"अहो, वर्गात एकच मुलगा प्रत्येक उत्तर देत असेल ना, तर मास्तरांना वाटतं वर्ग हुशार आहे," ते म्हणाले. "मी अशा मुलाला मुद्दाम गप्प बसवायचो. बाकीच्यांनी तोंड उघडावं म्हणून. आणि इथे तो मुलगा मीच होऊन बसलोय."

त्याच संध्याकाळी त्यांनी राजीनामा दिला. आम्हाला वाटलं, रुसलेत, येतील परत. कोणी काही केलं नाही. मीही नाही.

उन्हाळा चढला आणि एका सकाळी नळ कोरडे पडले. टँकर सांगायचा असतो हे सगळ्यांना माहीत होतं. कोणाला सांगायचा, हे काकांनाच. अर्धी सोसायटी त्यांच्या दारात जमली. काकांनी दार उघडलं, सगळी तक्रार लक्षपूर्वक ऐकली आणि विचारलं, "मग काय ठरवलंत?" कोणी काहीच ठरवलं नव्हतं. "ठरवा," असं म्हणून त्यांनी दार हलकेच लावून घेतलं. आतून काकूंचा आवाज आला, "देशाचं व्हायचं तेव्हा होईल. मला आत्ता कुकर लावायचाय."

दुपारी मी वर गेलो तेव्हा काका बाल्कनीत फोन हातात घेऊन उभे होते. अंगठा टँकरवाल्याच्या नावावर होता. स्क्रीन विझली की ते ती पुन्हा उजळवत.

"लावा की," मी म्हणालो. "म्हातारी माणसं आहेत, लहान मुलं आहेत."

"तेच बघतोय ना सकाळपासून," ते म्हणाले. "आज लावला, तर जन्मभर मलाच लावावा लागेल. आणि माझा जन्म आता उरलाय किती?" त्यांनी फोन माझ्या हातात दिला. "हा तुमच्याकडेच असू द्या. माझा भरवसा नाही."

फोन घेऊन मी खाली आलो, तर पार्किंगमध्ये ती वर्ध्याची मुलगी सगळ्यांना गोळा करत होती. "काका काही सांगून नाही राहिले, तर आपणच पाहू ना," ती म्हणाली. तिने शेजारच्या सोसायटीत जाऊन टँकरवाला शोधला, टाकी बघायला मला गच्चीवर पिटाळलं आणि परदेशी राहून आलेल्या गृहस्थांना फाटकाशी उभं केलं. काकांचा फोन माझ्या खिशात होता. तो बाहेर काढावासा मला वाटला नाही. संध्याकाळी पाणी आलं. टाकी ओसंडून जिन्यापर्यंत पाणी आलं, कारण पंप कधी बंद करायचा हे ठरवायचंच राहिलं होतं. पण ओल्या पायांनी सगळे हसत होते.

आता ती अध्यक्ष आहे. प्रत्येक मजल्याकडे आळीपाळीने एकेक काम असतं. चुका होतात, त्यावर भांडणं होतात, आणि भांडून झालं की काम होतं. भाडेकरूही सभेला येऊन बोलतात. यंदाच्या सभेत काका मागच्या रांगेत बसले होते. हिशेबावर चर्चा चालू असताना ते दोनदा उठायला गेले आणि दोन्ही वेळा काकूंनी सदरा धरून त्यांना खाली बसवलं. शेवटी त्या मुलीने विचारलं, "काका, काही सूचना?"

"काही नाही," ते म्हणाले. "छान चाललंय."

सभा संपली. ज्याने त्याने आपापली खुर्ची उचलून नेली. काकू पुढे गेल्या. काका मोकळ्या पार्किंगमध्ये हात मागे बांधून उभे राहिले. त्यांना कोणी काही विचारायला थांबलं नव्हतं. मी त्यांना चहाला घरी आणलं. त्या दिवशी ते देशाबद्दल काहीच बोलले नाहीत.

"दहावीची मुलं शेवटच्या दिवशी फाटकातून जी पळत सुटायची," ते म्हणाले, "त्यातलं एकही मागे वळून बघायचं नाही. बघूही नये. शिकवलेलं अंगी लागलं, असा त्याचा अर्थ." मग कपातल्या चहाकडे बघत ते हळूच म्हणाले, "पण मास्तर थोडा वेळ तिथेच उभा असतो हो."

मी त्यांच्या कपात आणखी थोडा चहा ओतला. एरवी अर्ध्या कपाच्या वर न घेणारे काका त्या दिवशी नको म्हणाले नाहीत.